अर्धा क्विंटल हळद

हळदीने एमआरएसए मरतो असा निरोप फोनवर फिरतो, तेव्हा तो सपशेल खोटा नसतो. एमआरएसए म्हणजे मेथिसिलिनला दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस. गळू, शस्त्रक्रियेची जखम, फुफ्फुस, रक्त, कुठेही ठाण मांडणारा आणि इस्पितळांची झोप उडवणारा जिवाणू. २०१३ मध्ये कोरियातल्या संशोधकांनी स्टॅफच्या दहा वाणांवर कर्क्युमिन सोडून पाहिले. हळदीला पिवळेपण देते तेच हे कर्क्युमिन. जिवाणूची वाढ थांबवायला मिलिलिटरमागे १२५ ते २५० मायक्रोग्रॅम लागले. म्हणजे काम झाले. आता तेवढे कर्क्युमिन रोग्याच्या रक्तात पोचवले की पुरे.

तिथेच हिशेब करायला बसू. तैवानमध्ये माणसांना दिवसाला ८ ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन खाऊ घालून रक्त तपासले गेले. सर्वांत चढी सरासरी पातळी आली ती मिलिलिटरमागे सुमारे ०.६५ मायक्रोग्रॅम. हवे होते किमान १२५, म्हणजे जवळजवळ १९० पट. बाजारच्या हळदीत ३ टक्के कर्क्युमिन धरले, तर ८ ग्रॅमसाठी पाव किलोहून थोडी जास्त हळद लागते. तिची १९० पट म्हणजे साधारण ५० किलो. अर्धा क्विंटल, आणि तोही रोज. सांगलीच्या मार्केट यार्डात अर्धा क्विंटल हळद ही काही मोठी गोष्ट नाही, पण ती पोटात घ्यायची आहे. शिवाय मात्रा वाढवली म्हणून रक्तातली पातळी त्याच प्रमाणात वाढते असेही नाही. आतडे जेमतेम शोषते आणि यकृत शोषलेले लगेच रूप बदलून बाहेर काढते.

यावर हमखास येणारे उत्तर म्हणजे मिरी. दुधात हळदीबरोबर चिमूटभर मिरपूड घाला, शोषण २००० टक्क्यांनी वाढते! हा आकडाही खरा आहे. बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजातल्या संशोधकांनी तो १९९८ मध्ये प्रसिद्ध केला: २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत मिऱ्यातले २० मिलिग्रॅम पिपरीन दिले आणि शोषण वीसपट झाले. वीसपट होऊन रक्तात आले किती? मिलिलिटरमागे ०.१८ मायक्रोग्रॅमच्या आसपास. लक्ष्यापासून अजून सुमारे ७०० पट लांब. टक्केवारीचा हा फार जुना डाव आहे: मुळातला आकडा सांगायचा नाही, वाढ तेवढी सांगायची. २०१७ मध्ये औषधरसायनशास्त्राच्या अभ्यासकांनी कर्क्युमिनवरच्या १२० हून अधिक मानवी चाचण्या चाळल्या. दुहेरी अंध पद्धतीने, तुलनेला खोटी गोळी ठेवून यशस्वी ठरलेली एकही त्यांना सापडली नाही.

मग आजी जखमेवर हळद दाबायची ते काय उगीच? आकडे म्हणतात, उगीच नव्हे. एक ग्रॅम हळदीत ३ टक्क्यांच्या हिशेबाने ३०,००० मायक्रोग्रॅम कर्क्युमिन असते. ते पाण्यात नीट विरघळत नाही हे खरे, पण निदान जिथे जिवाणू आहे तिथेच ते ढिगाने पडलेले असते. अमेरिकेत १९९५ मध्ये हळदीचे पेटंट दिले गेले आणि रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखालच्या सीएसआयआरने लढून १९९७ मध्ये ते रद्द करवले, तेही जखम भरण्याच्या उपयोगाचेच होते. भांडण योग्य जागेचे होते, असे म्हणायला हरकत नाही.

वनस्पतींतल्या जिवाणुनाशक रसायनांची सगळी कथा या जागेच्या प्रश्नाभोवती फिरते, असे माझे मत होत चालले आहे. झाड कोणते, ग्रंथ कोणता, परंपरा किती जुनी, हे सगळे नंतर. जिवाणू बसला आहे त्या ठिकाणी मिलिलिटरमागे किती मायक्रोग्रॅम पोचले, हे आधी.

त्यासाठी मोजपट्टी डोळ्यांपुढे हवी. पेनिसिलिनला वश असलेल्या स्टॅफला रोखायला मिलिलिटरमागे ०.०३ मायक्रोग्रॅमच्या आसपास पेनिसिलिन पुरते. शुद्ध वनस्पती-रसायन १० मायक्रोग्रॅमच्या खाली काम करत असेल तर त्याचा पाठपुरावा करावा, १०० च्या वर गेले तर सोडून द्यावे, असा या क्षेत्रातल्या जाणत्यांचा संकेत आहे. आणि शोधनिबंधांचे ढीग आहेत ते बहुतांशी शंभरच्या पलीकडचे. अर्क मिलिग्रॅममध्ये मोजलेला दिसला की मी पुढचे पान उलटतो.

दारुहळदीकडे येऊ. नाव हळदीचे असले तरी ही हिमालयातली काटेरी झुडुपे. मुळाची साल पिवळीजर्द, तिच्यात बर्बेरिन. स्टॅफला रोखायला बर्बेरिन लागते मिलिलिटरमागे २५६ मायक्रोग्रॅम, पेनिसिलिनच्या सुमारे साडेआठ हजार पट. आणि ४०० मिलिग्रॅम बर्बेरिन तोंडाने दिल्यावर निरोगी माणसांच्या रक्तात जास्तीत जास्त सापडले ते मिलिलिटरमागे ०.०००४ मायक्रोग्रॅम. तूट ६ लाख ४० हजार पटींची. सरळ त्रैराशिक मांडले तर एका वेळेला २५६ किलो शुद्ध बर्बेरिन खावे लागेल.

आता तेच ४०० मिलिग्रॅम वेगळ्या जागी ठेवून पाहू. रक्तात जात नाही याचा अर्थ ते आतड्यात राहते. आतड्यातले पाणी ढोबळमानाने एक लिटर धरले, तर मिलिलिटरमागे ४०० मायक्रोग्रॅम. २५६ च्या वर! गोळी तीच, माणूस तोच, आणि आतड्यातल्या व रक्तातल्या पातळीत दहा लाख पटींचा फरक. बांगलादेशात १६५ प्रौढ रुग्णांवर झालेली चाचणी १९८७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात विष सोडणाऱ्या ई. कोलायमुळे होणाऱ्या जुलाबांवर बर्बेरिनच्या एका ४०० मिलिग्रॅमच्या डोसने मलाचे प्रमाण लक्षणीय घटले. कॉलऱ्यावर मात्र त्याचा फारसा प्रभाव पडला नाही. चीनमध्ये बर्बेरिनच्या गोळ्या जुलाबांवर सर्रास मिळतात, त्यामागे हेच गणित असावे. रक्तात भिनलेला जंतुसंसर्ग किंवा न्यूमोनिया बरा करण्यासाठी आजचा डॉक्टर हाताशी ठेवील असे झाडातून आलेले प्रतिजैविक मात्र एकही नाही. लंडनच्या क्यू उद्यानाने २०१७ मध्ये औषधी म्हणून नोंद झालेल्या वनस्पती मोजल्या तेव्हा आकडा २८,१८७ आला होता. त्यातून हे शून्य.

समोरचा पक्ष काय ताकदीचा आहे तेही पाहायला हवे. अनुकूल परिस्थितीत ई. कोलाय २० मिनिटांत दुप्पट होतो. एका दिवसात ७२ वेळा दुप्पट. अन्न संपले नाही असे मानले, तर एकाचे ४७ वर २० शून्ये इतके होतील आणि त्यांचे वजन ४,७०० टन भरेल. अन्न संपतेच, म्हणून हा आकडा कागदावरच राहतो. मला जास्त धडकी भरवणारा आकडा लहान आहे. ई. कोलायच्या जनुकसंचात सुमारे ४६ लाख अक्षरे असतात, आणि ढोबळमानाने हजार विभाजनांत एकदा एखादे अक्षर चुकते. रात्रभर ठेवलेल्या गढूळ रश्श्यात मिलिलिटरमागे १०० कोटी जिवाणू असतात. दोन चहाचे चमचे घेतले की झाले हजार कोटी. एवढे जिवाणू जन्माला येताना सुमारे एक कोटी चुका झालेल्या असतात. म्हणजे त्या दोन चमच्यांत ४६ लाखांपैकी प्रत्येक अक्षर सरासरी दोनदा बदलून पाहिलेले असते. औषधाला उत्तर सापडायला आणखी वेगळे काय लागते?

हार्वर्डच्या संशोधकांनी २०१६ मध्ये हे सगळ्यांना दिसेल असे मांडले. चार फूट लांब, दोन फूट रुंद ताटात खाद्य पसरले आणि काठाकडून मधोमध जाताना औषधाची मात्रा पट्ट्यापट्ट्याने दहापट चढवत नेली. सुमारे दहा दिवसांत ई. कोलायची अशी पिढी निघाली, जी पूर्वजांना मारणाऱ्या मात्रेच्या हजारपट औषधात वाढत होती. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या बाबतीत ती एक लाख पटीपर्यंत गेली. ताटाबाहेरचा हिशेब असा: औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे २०२१ मध्ये जगात ११ लाख ४० हजार मृत्यू थेट झाले आणि ४७ लाखांहून अधिक मृत्यूंशी त्यांचा संबंध होता. भारतात २०१९ मध्ये थेट मृत्यू सुमारे ३ लाख. २०२५ ते २०५० या काळासाठी लॅन्सेटमध्ये मांडलेला अंदाज ३ कोटी ९० लाखांचा आहे, मिनिटाला जवळपास तीन.

इतकी माणसे मरत असताना झाडे कशी जगली, हा प्रश्न विचारायला हवा. झाड इस्पितळात जात नाही. मुळे आयुष्यभर जिवाणूंनी गजबजलेल्या मातीत असतात. मग त्याच्या सालीतले विष इतके दुबळे कसे? याचे उत्तर २००० साली अमेरिकेतून आले, कोलोरॅडो आणि बॉस्टनमधून. फ्रँक स्टर्मिट्झ आणि किम लुईस हे त्या कामामागचे संशोधक. नैऋत्य अमेरिकेत वाढणाऱ्या दारुहळदीच्या एका भाऊबंदाच्या पानांत त्यांना दुसरे एक रसायन सापडले: पाच-प्राइम-मेथॉक्सिहिड्नोकार्पिन. एकटे सोडले तर ते जिवाणूचा केसही वाकडा करत नाही. पण १० मायक्रोग्रॅम घातले की बर्बेरिनची लागणारी मात्रा २५६ वरून १६ वर उतरते.

कारण स्टॅफच्या आवरणात पंप असतात. नॉर-ए नावाचा एक पंप बर्बेरिन आत शिरताच त्याला बाहेर फेकतो. बोटीला भोक पडले आहे, पण नाखवा तितक्याच वेगाने पाणी उपसतो आहे, म्हणून बोट बुडत नाही. दुसरे रसायन नाखव्याचे हात धरते. विष आणि हात धरणारा, दोन्ही एकाच झुडपात. आपण मात्र शंभर वर्षे झाडातून एकेक रसायन वेगळे काढून, स्वच्छ करून, एकेकटे तपासत आलो आणि दुबळे म्हणून टाकून देत आलो.

लुईस यांच्या गटाने २००२ मध्ये उलटी परीक्षा घेतली: जिवाणूंचे पंपच बंद पाडले आणि वनस्पती-रसायने पुन्हा सोडली. रेवंदचिनीतल्या ऱ्हाईनची ताकद जिवाणूच्या जातीप्रमाणे १०० ते २,००० पट वाढलेली दिसली. आपल्या चित्रकाच्या मुळातले प्लंबॅजिन आणि बर्बेरिनसुद्धा असेच तेज झाले. हे २,००० आणि मघाचे मिऱ्याचे २,००० टक्के यांत गल्लत नको. हे पट आहेत, ते टक्के होते.

त्या लांबलचक नावाच्या मेथॉक्सिहिड्नोकार्पिनचा एक धागा थेट सह्याद्रीत येतो. हिड्नोकार्पस हे नाव ज्या झाडाचे, ते आपल्याकडे कडू कवठ म्हणून ओळखले जाते. कोकणापासून केरळापर्यंतच्या जंगलांत ते वाढते. त्याच्या बियांचे तेल महारोगावर वापरत. हे रसायन त्या तेलातला एक किरकोळ घटक म्हणून आधीच नोंदले गेले होते. त्या जातीचे तेल, चौलमुग्रा, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जगभर महारोगावरचा प्रमुख उपाय होते. १९१५ च्या सुमारास हवाईमध्ये ॲलिस बॉल या तरुण रसायनतज्ज्ञ बाईने ते टोचण्याजोगे केले. चोविसाव्या वर्षी ती वारली. कुष्ठरोगाचा जिवाणू एकदा दुप्पट व्हायला सुमारे १३ दिवस घेतो. तेवढ्यात ई. कोलायच्या ९३६ पिढ्या होऊ शकतात. एवढ्या संथ जिवाणूनेही डॅप्सोन या औषधाला चकवले. चाळीसच्या दशकात सल्फोन औषधे आली आणि १९६४ मध्ये प्रतिकार सिद्ध झाला. मग १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एका औषधाऐवजी तीन एकत्र द्यायची शिफारस केली आणि महारोगाचे पारडे खऱ्या अर्थाने फिरले.

एकत्र देण्याचे बळ गुणाकारात आहे. समजा एका औषधाला चकवणारा जिवाणू कोटीत एक असतो. दोन स्वतंत्र औषधांना एकदम चकवणारा मग कोटी गुणिले कोटीत एक. एवढे जिवाणू एका रोग्याच्या जखमेत मावत नाहीत.

मग झाडांच्या जोड्याच तपासाव्यात! इथे पुन्हा आकडा आडवा येतो. २८,१८७ वनस्पतींच्या दोन-दोनच्या जोड्या ३९ कोटी ७२ लाख. मिनिटाला एक, अहोरात्र तपासली तरी ७५५ वर्षे. तीही फक्त जोडी. मूळ की पान, पाण्यातला काढा की तेलातला, प्रमाण किती, हे सगळे त्यावर गुणाकाराने चढते. आंधळेपणाने चाळण्यात पैशाने काही होत नाही हेही दिसून चुकले आहे. ग्लॅक्सोने १९९५ ते २००१ या सात वर्षांत नव्या प्रतिजैविकासाठी ७० मोहिमा चालवल्या, २ लाख ६० हजार ते ५ लाख ३० हजार संयुगांच्या साठ्यावर. कमीत कमी धरले तरी १ कोटी ८० लाखांवर चाचण्या झाल्या. हाती लागले पाच धागे. औषध एकही नाही.

जुन्या पोथ्यांचे मोल मला इथे वाटते. पोथी पुरावा देत नाही, पण ३९ कोटींतून कोणत्या पन्नास जोड्यांकडे आधी पाहावे ते सुचवते. इंग्लंडमध्ये दहाव्या शतकातली एक वैद्यकीय पोथी आहे. तिच्यात डोळ्याच्या रांजणवाडीवर लेप दिला आहे: लसूण, कांद्याच्या जातीची आणखी एक भाजी, वाइन, बैलाचे पित्त, सगळे नऊ रात्री पितळेच्या भांड्यात. नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी २०१५ मध्ये तो जसाच्या तसा बनवला. उंदरांच्या जखमेतले सुमारे ९० टक्के एमआरएसए त्याने मारले, आणि घटक वेगवेगळे वापरले की तो परिणाम उरला नाही.

९० टक्के ऐकून टाळी वाजवायच्या आधी आणखी एक हिशेब. १०० कोटींतले ९० टक्के गेले की १० कोटी उरतात. दर २० मिनिटांनी दुप्पट होणाऱ्याला तिथून पुन्हा १०० कोटींवर जायला एक तास सहा मिनिटे पुरतात. ९९.९ टक्के मारले तरी तीन तास वीस मिनिटे. शरीरात वाढ संथ असते आणि आपल्या पांढऱ्या पेशीही हात लावतात, म्हणून प्रत्यक्षात एवढी वाईट गत नसते. पण म्हणूनच जिवाणू मारण्याच्या गोष्टी शेकड्यात सांगणाऱ्यांकडे तज्ज्ञ साशंक नजरेने पाहतात.

मारलेच पाहिजे का, असाही एक सवाल आहे. कॅसांड्रा क्वेव्ह यांनी इटलीतल्या खेडुतांचा त्वचारोगावरचा चेस्टनटच्या पानांचा उपाय तपासला. त्या पानांचा अर्क स्टॅफला मारतच नाही. स्टॅफ एकमेकांना इशारे करून ठरावीक संख्या झाली की एकदम विष सोडतात, ते इशारे तो तोडतो. उंदरांच्या त्वचेवरचा एमआरएसएचा घाव ५० मायक्रोग्रॅमच्या एका मात्रेत आटोक्यात आला. आणि जिवाणू मरत नसल्याने त्यांच्यावर प्रतिकार शोधण्याचा दाबही कमी पडतो. दोन आठवडे सतत अर्कात ठेवूनही तो आढळला नाही.

आपल्याकडच्या पोथीतला सर्वांत ठळक मदतनीस पिंपळी आणि मिरी. सुंठीबरोबर ती आली की त्रिकटू. आयुर्वेदातल्या कितीतरी योगांत मुख्य औषधाच्या जोडीला त्रिकटू असतेच. जम्मूच्या सीएसआयआरच्या प्रयोगशाळेने त्यातल्या पिपरीनवर वर्षानुवर्षे काम केले आणि त्यातून २००९ मध्ये क्षयावरची रिसोरिन ही गोळी कॅडिला फार्मास्युटिकल्सने बाजारात आणली: रिफॅम्पिसिन २००, आयसोनियाझिड ३०० आणि पिपरीन १० मिलिग्रॅम. एरवी ४५० मिलिग्रॅम रिफॅम्पिसिन लागते तिथे दोनशेत काम भागते, कारण पिपरीन त्याला आतड्यातून रक्तात जायला मदत करते. मिऱ्यात ५ टक्के पिपरीन धरले तर एका किलोतून ५,००० गोळ्यांपुरते निघते. रोज एक गोळी, सहा महिने, म्हणजे २७ रोगी.

ही गोळी औषधांना वश असलेल्या क्षयासाठी आहे, प्रतिरोधी क्षयासाठी नव्हे. मात्र त्याच प्रयोगशाळेने २००६ मध्ये दाखवले होते की पिपरीन स्टॅफच्या नॉर-ए पंपाला अडवते, एमआरएसएसुद्धा त्यामुळे सिप्रोफ्लॉक्सासिनच्या कमी मात्रेला नमतो, आणि चकवणारे नवे जिवाणूही कमी निपजतात. हे झाले काचेच्या नळीत. जिवाणूचा पंप बंद पाडणारे म्हणून मान्यता मिळालेले, रोग्याला देण्याजोगे औषध मात्र आजही जगात कुठे नाही. रक्तात पुरेसे पोचेल इतके घातले की बहुतेक रसायने माणसाच्या पेशींनाही बाधू लागतात, कारण उपसणारे पंप आपल्याही आतड्यात, मूत्रपिंडात आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांत आहेत.